ड्रॉवरमधला लक्ष्मीकांत

तुमच्या ऑफिसात असा एक तरी नमुना असणारच. लंचला सगळं पब्लिक कॅन्टीनमध्ये आणि हा किंवा ही आपली डेस्कवरच डबा उघडून बसलेली. मॉनिटरवर एक्सेल शीट, मांडीवर एनसीईआरटीचं अकरावीचं भूगोल. विचारलं तर, ‘काही नाही गं, असंच!’ ड्रॉवर उघडून बघा. टी-बॅग्ज, क्रोसिनची पट्टी, गेल्या अप्रेझलचं दुमडलेलं लेटर आणि त्याखाली एम. लक्ष्मीकांत. राज्यव्यवस्थेचा तो जाडजूड ठोकळा लोक पूर्वी प्रेमपत्रं लपवायचे तसा लपवून ठेवतात. कारण उघड आहे. बॉसला कळलं तर पुढच्या चांगल्या प्रोजेक्टमधून नाव कट. आणि ग्रुपला कळलं तर रिझल्ट लागेपर्यंत रोज सकाळी, ‘काय कलेक्टरसाहेब, गाडी कुठंय?’

तर मंडळी, या आठवड्याचा कॉलम या ड्रॉवरवाल्यांसाठी. म्हणजे ज्यांना यूपीएससी द्यायचीय, पण नोकरी सोडणं परवडणार नाही. ज्यांच्याकडे दोन वर्षं नाहीत, चार महिने आहेत. आणि तेही आख्खे नाहीत, ऑफिसातून उरलेले.

असा एक ड्रॉवर मी रोज जवळून बघतेय. माझी मावसबहीण आणि मी कोथरूडला एकाच फ्लॅटमध्ये राहतो. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, हिंजवडीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये. घरात सगळे तिला आधीपासूनच ‘कलेक्टरीणबाई’ म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणू. याआधी तीन अटेम्प्ट झालेत. एकदा मेन्सपर्यंत पोचली होती, तिथे राहिलं. मग मधे नोकरी, प्रमोशन, बाबांचं ऑपरेशन, फ्लॅटचं कर्ज. आणि आता सप्टेंबरमध्ये तिला ३२ पूर्ण होतायत.

हा ३२ चा आकडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. खुल्या गटात परीक्षेच्या वर्षीच्या १ ऑगस्टला तुमची ३२ वर्षं पूर्ण झालेली चालत नाहीत आणि अटेम्प्ट सहाच मिळतात. ओबीसींना ३५ वर्षं आणि नऊ अटेम्प्ट, एससी-एसटींना ३७ वर्षं आणि त्या वयापर्यंत कितीही. बाईसाहेबांचे तीन अटेम्प्ट अजून शिल्लक आहेत, पण वय नाही. तीन सिनेमांची तिकिटं हातात आणि थिएटर बंद पडणार, असा प्रकार! म्हणजे हा मे शेवटचा.

आता जरा आकडे बघू, कारण याच आकड्यांना घाबरून निम्मं पब्लिक घरी बसतं. २०२४ च्या परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी फॉर्म भरले. प्रिलिमला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मेन्सला गेले १४,६२७, इंटरव्ह्यूला २,८४५ आणि शेवटी यादीत नावं आली १,००९. शेवटचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला पहिले दोन जास्त इंटरेस्टिंग वाटतात. चार लाखांवर माणसं फॉर्म भरून गेलीच नाहीत! काही जण हिशेबानं गेले नसतील. नुसता फॉर्म भरला तर अटेम्प्ट धरत नाहीत, प्रिलिमच्या एका पेपरला जरी बसलात तर धरतात. पण माझी पैज आहे, त्यातले कितीतरी ड्रॉवरवाले असणार. जानेवारी-फेब्रुवारीत जोश, मार्चमध्ये इयर-एंडिंग, एप्रिलमध्ये मित्राचं लग्न आणि मेमध्ये ‘पुढच्या वर्षी नक्की’.

दुसरा आकडा कट-ऑफचा. प्रिलिमचा पहिला पेपर २०० मार्कांचा. खुल्या गटाचं कट-ऑफ २०२३ ला ७५.४१ होतं, २०२४ ला ८७.९८. म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. आपण दहावीपासून नव्वद टक्क्यांच्या घोड्यावर बसलेली पिढी, त्यामुळे हे पचायलाच वेळ लागतो. ही परीक्षा सगळं येणाऱ्याची नाहीच. जे येतं ते हातचं न घालवणाऱ्याची आहे. आणि वेळ कमी असणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली बातमी नाही.

२६ जानेवारीच्या सुट्टीला बाईसाहेबांनी डायनिंग टेबलवर कॅलेंडर पसरलं. प्रिलिम साधारण मेच्या शेवटाकडच्या रविवारी येते (२०२४ ला लोकसभा निवडणुकीमुळे ती १६ जूनला गेली, तो अपवाद). म्हणजे सतरा आठवडे. वर्किंग डेजना अडीच तास, शनिवार-रविवारी सात-सात तास. पंच्याऐंशी दिवसांचे २१२ आणि चौतीस दिवसांचे २३८, बेरीज साडेचारशे. मग तिनं लाल पेन घेतलं आणि त्यातून लग्नं, रिलीजचे आठवडे, सर्दी-खोकला, ते ‘ठरलेले’ दिवस, सगळं वजा केलं. उरले साधारण ३६० तास. पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाला दहा तास बसणाऱ्या मुलाचे छत्तीस दिवस!

हे बघून मला धडकी भरली. ती मात्र खूष. ‘आकडा कळला ना, आता बजेट करता येईल,’ म्हणाली. टेस्टर शेवटी!

बजेटमधली पहिली कात्री नवीन पुस्तकांवर. एका विषयाला एकच पुस्तक, आणि तेही आधी एकदा वाचलेलं. राज्यव्यवस्था, आधुनिक भारताचा इतिहास, अर्थव्यवस्था, पर्यावरण, भूगोल, या पाचांवर जोर. राज्यव्यवस्था सगळ्यात आधी, कारण तिथं घातलेला तास बऱ्यापैकी भरवशाचा परतावा देतो. घटनेची कलमं दर महिन्याला बदलत नाहीत. उलट प्राचीन इतिहास आणि कला-संस्कृती म्हणजे अथांग समुद्र. आठवडाभर पोहलात तरी पेपरात नेमका असा राजवंश येतो, ज्याचं नाव त्या राजवंशानंसुद्धा ऐकलं नसेल. तो भाग तिनं जुन्या पेपरांत येऊन गेलेल्या विषयांपुरता ठेवला आणि बाकीच्यावर पाणी सोडलं. हे सोडणं भलतं अवघड असतं बरं का. अभ्यास करण्यापेक्षा अवघड.

दुसरी कात्री पीडीएफवर. या परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये शेकड्यानं पीडीएफ असतात. टॉपरच्या नोट्स, टॉपरच्या मित्राच्या नोट्स, ‘शेवटच्या ३० दिवसांसाठी २,००० पानं’. डाउनलोड झाली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, जिमची फी भरल्यावर वजन उतरल्यासारखं वाटतं तसं. एका रविवारी तिनं बसून सगळ्या उडवल्या. ठेवले फक्त यूपीएससीचे जुने पेपर, जे आयोगाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आणि गंमत म्हणजे वाचायला तिनं घेतले ते आधी पेपरच. पुस्तक मग. दहा वर्षांत संसदेवर काय काय विचारलंय ते आधी बघायचं आणि मग तो धडा उघडायचा. वाचताना डोळा बरोबर नको तिथून पळतो आणि हव्या तिथे थांबतो.

सकाळी पाच ते सात नवीन वाचन. रात्री काहीही झालं तरी नवीन विषय उघडायचा नाही, कारण नऊ तास ऑफिस आणि चांदणी चौक-वाकडचं ट्रॅफिक खाऊन आलेला मेंदू डाळ-भाताच्या लायकीचा उरतो. रात्री फक्त पंचवीस एमसीक्यू, टाइमर लावून. कंपनीच्या बसमध्ये जाताना पेपर, तोही अर्ध्या तासात. येताना झोप. येतानाचीही वेळ ‘युटिलाइज’ करा असं सांगणारे मोटिव्हेशनवाले मला भेटले तर त्यांना मी एकदा संध्याकाळी सात वाजता हिंजवडी ते कोथरूड बसवून आणणार आहे.

साठ-सत्तर दिवसांत पहिलं वाचन संपवायचं आणि पुढचे दिवस फक्त रिव्हिजन आणि टेस्ट. एकदा वाचलेली चार पुस्तकं आणि चारदा वाचलेलं एक पुस्तक यात परीक्षेच्या हॉलमध्ये कामाला येतं ते दुसरं, हे तिचं मागच्या तीन अटेम्प्टचं ज्ञान.

आता सीसॅट! प्रिलिमचा दुसरा पेपर. उतारे, गणित, लॉजिक, ८० प्रश्न, २०० मार्क. २०१५ पासून यात फक्त ३३ टक्के मिळवायचे असतात, मेरिटला धरत नाहीत. त्यामुळे इंजिनीअर लोक कॉलर टाइट करून जातात आणि आर्ट्सवाले देवाला नारळ बोलून जातात. २०२३ ला या पेपरनं दोघांनाही धुतलं. इतका जड होता की उमेदवार कोर्टापर्यंत गेले. आणि इथे नापास झालात तर पहिल्या पेपरात कितीही मिळवा, तो तपासतसुद्धा नाहीत असं समजा. २७ प्रश्न बरोबर, एकही चूक नाही, तर ६७.५, आणि लागतात ६६. बाईसाहेब टेस्टिंगमध्ये असूनही दर शनिवारी सकाळी सीसॅटचा एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवतात. उतारे इंग्रजीत नाहीतर हिंदीत असतात, मराठीत प्रश्नपत्रिका नसते. तेव्हा वाचनाचा स्पीड तिथेच कमवावा लागतो.

आणि तुक्का. हो, त्यालाही गणित आहे. पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला दोन मार्क, चुकलं तर एक तृतीयांश म्हणजे पॉइंट सहासष्ट कट. चार पर्यायांतला काहीच माहीत नसताना ठोकलात तर सरासरी हिशेब शून्य. ना फायदा ना तोटा. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर दर प्रश्नाला सरासरी पॉइंट बावीसचा फायदा. दोन उडवता आले तर पॉइंट सहासष्ट. म्हणजे दोन उडवून घाबरून प्रश्न सोडणारा माणूस मार्क टेबलावर ठेवून घरी येतो. बाईसाहेब टेस्ट सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे खूण करतात, ‘पक्कं’, ‘दोन उडवले’, ‘एक उडवला’, ‘देव जाणे’. मग चारही ढिगांचे मार्क वेगळे काढतात. तिच्या लक्षात आलं की ‘पक्कं’मध्येच ती सगळ्यात जास्त घसरते. घाईत प्रश्नातलं ‘नाही’ वाचायचंच राहतं! हे कुठल्या क्लासनं सांगितलं असतं?

शनिवारी-रविवारी ती नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाते. मी एकदा बरोबर गेले होते. खुर्चीला लागून खुर्ची, पंख्यांची घरघर, प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली आणि भिंतीला चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा. खाली अमृततुल्यवर चहा पिताना परभणीचा एक मुलगा भेटला. चौथं वर्ष चाललंय. घरून महिन्याला पैसे येतात आणि दर महिन्याला ते मागताना जीभ जड होते, म्हणाला. ‘ताई, तुमचं बरंय, पगार तरी येतो.’ बाईसाहेब म्हणाल्या, ‘आणि तुझं बरंय, तुला अख्खी सकाळ तरी आहे.’ दोघंही हसले आणि दोघांचंही चहाचं बिल तिनं दिलं.

याच नवी पेठेत मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा मुलं शास्त्री रोडवर उतरली होती. सात-आठ दिवसांसाठी एवढं कशाला, असं तेव्हा बऱ्याच नोकरदारांना वाटलं होतं. ज्याचं वय संपत आलंय आणि मेसचं बिल थकलंय, त्याला विचारायला हवं होतं.

एमपीएससीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आधी पर्यायी प्रश्नांची होती. त्यामुळे यूपीएससी आणि एमपीएससी दोन्ही करणाऱ्याची दोन होड्यांवर पाय अशी गत व्हायची. २०२५ च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मेन्सही वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या पॅटर्नच्या जवळ गेली. म्हणजे तोच अभ्यास, वर महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल आणि अर्थकारण यांची भर. शिवाय खुल्या गटालाही तिथे ३८ पर्यंत वय मिळतं. बाईसाहेबांच्या बाबतीत हा प्लॅन बी आहे का, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘प्लॅन बी म्हणजे नोकरी. ही तर प्लॅन ए-ची धाकटी बहीण.’

आता जे कुणी स्पष्ट सांगत नाही ते. चार महिन्यांत, नोकरी करून, कोऱ्या पाटीवरून अख्खी यूपीएससी? नाही जमत, बॉस. प्रिलिमपर्यंत जाता येईल. पण मेन्सला नऊ पेपर असतात, त्यात पाचशे मार्कांचा वैकल्पिक विषय, आणि तो प्रिलिमनंतर सुरू करू म्हणणारा माणूस संपलाच. २०२५ ला प्रिलिम २५ मेला होती, मेन्स २२ ऑगस्टला सुरू झाली. मधे ८९ दिवस. प्रिलिमचा निकाल ११ जूनला लागला, म्हणजे ‘आधी निकाल तर लागू दे’ म्हणणाऱ्यांचे सतरा दिवस तिथेच गेले. बाईसाहेबांचा वैकल्पिक विषय मराठी साहित्य मागच्या वेळीच तयार झालाय, म्हणून हे सतरा आठवड्यांचं बजेट तिला परवडतं. तुमचा पहिलाच अटेम्प्ट असेल आणि वय पंचवीस असेल, तर कृपा करून तिची कॉपी करू नका. हेच तास दीड वर्षावर पसरा. भिंतींवर ‘९० दिवसांत अधिकारी’ लिहिणाऱ्यांना भिंतीचं भाडं निघायचं असतं.

मेन्सची आणखी एक गोष्ट ऑफिसवाल्यांना आधी खोटी वाटते. हात! तुम्ही शेवटचं सलग एक पान हातानं कधी लिहिलंत? आपण कुरिअरवाल्याच्या मशीनवर बोटानं सही करणारी माणसं. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत २० उत्तरं, दहा दीडशे शब्दांची आणि दहा अडीचशेची. प्रत्येकी नऊ मिनिटं. बेरीज करा, चार हजार शब्द. हा तुम्ही वाचताय तो कॉलम दोन हजारांच्या आसपास आहे आणि तो टाइप करायला मला दोन दिवस आणि सहा कप कॉफी लागली. बाईसाहेब रविवारी संध्याकाळी चार उत्तरं हातानं लिहितात, मराठीतून. पहिल्या रविवारी तिसऱ्याच पानाला करंगळी आखडली होती. मावशीनं फोनवर तेल चोळायला सांगितलं.

मावशीचा मुद्दा वेगळाच आहे खरं तर. नाशिकचं एक स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, निदान फोटोत तरी. त्यांच्याकडून निरोप आला की मे महिन्यात भेटून घेऊ, सुट्ट्या असतात. मावशीनं इकडे फोन केला. मी स्पीकरवर ऐकत होते. बाईसाहेब म्हणाल्या, ‘आई, मे सोडून कुठलाही महिना सांग.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशी म्हणाली, ‘दर वर्षी मे सोडूनच चाललंय गं आपलं.’ त्यावर दोघीही काही बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर तिनं टाइमर लावला आणि पंचवीस एमसीक्यू सोडवले. त्या रात्रीचे मार्क मी विचारले नाहीत.

पण नाशिकवाल्यांना तिनं स्वतः मेसेज केला. जूनच्या पहिल्या रविवारी भेटू, मात्र प्रिलिममध्ये बरे मार्क दिसले तर ऑगस्टअखेरपर्यंत माझ्याकडून फोनबिन होणार नाहीत, चालेल का? मुलाचं उत्तर आलं, ‘चालेल. मी पण दोनदा दिलीय.’ हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. मावशीलाही नाही.

ऑफिसात अजून कुणाला पत्ता नाही. प्रिलिमच्या रविवारला लागून जो सोमवार येतो, त्या दिवशी तिच्या टीमचं रिलीज आहे. मॅनेजरनं सगळ्यांना आधीच मेल टाकलीय की त्या आठवड्यात सुट्टी मागू नका. तिनं वर्षभरातली एक सिक लीव्ह नेमकी त्या सोमवारसाठी राखून ठेवलीय. ‘आन्सर की बघत बसणार का?’ मी विचारलं.

‘वेडी आहेस का,’ म्हणाली. ‘झोपणार.’